मागणाऱ्याने दारात उभे राहावे

निवडणुकीतल्या उमेदवाराला दिलेले पंचवीस डॉलर हे दान म्हणावे का? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण धर्मपरंपरांनी दानाला ज्या कसोट्या लावल्या आहेत, त्या सगळ्या इथे एकदम लागू होतात आणि एकमेकींशी भांडू लागतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला आणि परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक. फळावर नजर ठेवून दिलेले ते राजस. अवेळी, अपात्राला, तुच्छतेने दिलेले ते तामस. उमेदवाराला पैसे देणारा तर उघडउघड फळावर नजर ठेवून देतो, आपला माणूस निवडून यावा म्हणूनच देतो. ख्रिस्ती परंपरेत येशूने दान गुपचूप द्यायला सांगितले आहे, आणि त्याच येशूने मंदिराच्या दानपेटीत दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान धनवंतांच्या दानाहून मोठे ठरवले आहे. अमेरिकेतला कायदा मात्र एका उमेदवाराला २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचे नाव, गाव, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण जाहीर करायला लावतो. म्हणजे हे दान गुप्त नाही, निष्काम नाही, आणि पात्र कोण हे तर अजून ठरायचेच असते. तरीही दर चार वर्षांनी लाखो माणसे पाच, दहा, पंचवीस डॉलर देतात. काही हजार माणसे भर हिवाळ्यात अनोळखी घरांच्या पायऱ्या चढतात. आणि त्यांतल्या पुष्कळांना आपण काहीतरी पवित्र करतो आहोत असे मनापासून वाटते. हे वाटणे खोटे नाही, असे माझे मत आहे. पण या कृतीतले पावित्र्य पैशात नसते आणि विजयातही नसते. मागणारा माणूस ज्याच्याकडे मागतो त्याच्यासमोर स्वतः उभा राहतो का, त्याचा नकार आणि त्याचे प्रश्न अंगावर घ्यायला तयार असतो का, यावर ते अवलंबून असते.

हा प्रश्न तपासायला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या सुरुवातीच्या लढती फार चांगल्या आहेत, कारण पैसा आणि माणूस यांतला फरक तिथे उघडा पडतो. आयोवा हे मध्य-पश्चिमेतले शेतीप्रधान राज्य, ९९ काउंट्या. १९७० च्या दशकापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे दोन्ही पक्षांची उमेदवारीची लढत आयोवाच्या कॉकसपासून सुरू होत आली. कॉकस म्हणजे मतपेटीत चिठ्ठी टाकून घरी जाणे नव्हते. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी वस्तीतल्या शाळेत, ग्रंथालयात, चर्चच्या तळघरात, कधी कुणाच्या दिवाणखान्यात पक्षाचे मतदार जमत. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॉकसमध्ये आपण कुणाचे, हे खोलीच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहून दाखवावे लागे. ज्या उमेदवाराकडे साधारण १५ टक्केही माणसे जमली नाहीत, त्याच्या पाठीराख्यांना दुसऱ्या गटात जाण्याची मुभा असे, आणि मग शेजारी शेजाऱ्याला आपल्याकडे बोलावू लागे, कारणे देऊ लागे. प्रत्येक उमेदवाराचा एक केंद्रप्रमुख असे, आपल्याकडच्या बूथप्रमुखासारखा. तो बहुधा त्याच वस्तीतला, सगळ्यांना नावाने ओळखणारा. त्याने कुणाला फोन केला, कुणाच्या आजारपणात विचारपूस केली, कुणाला गाडीतून आणले, यावर त्या खोलीतला निकाल ठरे.

१९७६ मध्ये जिमी कार्टर या पद्धतीनेच पुढे आले. जॉर्जियाचे माजी गव्हर्नर, भुईमुगाचे शेतकरी, बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवणारे. देशात त्यांना फारसे कुणी ओळखत नव्हते. आयोवात त्यांना सुमारे २८ टक्के पाठिंबा मिळाला. सर्वांत मोठा गट तर 'अजून कुणाचेच नाही' म्हणणाऱ्यांचा होता, ३७ टक्क्यांचा. त्याच हिवाळ्यात जॉर्जियातले काही डझन लोक स्वखर्चाने, सुरुवातीचीच लढत असलेल्या न्यू हॅम्पशरला गेले आणि बर्फातून घरोघर फिरले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पीनट ब्रिगेड' म्हटले. ही माणसे व्यावसायिक प्रचारक नव्हती. आम्ही या माणसाला ओळखतो, तो असा आहे, एवढेच सांगायला ती आली होती. या घटनेत दोन गोष्टी एकत्र आहेत: देणाऱ्याने पैसे दिले आणि त्या पैशांमागे तो स्वतःही आला. पुढच्या तीस वर्षांत या दोन गोष्टी हळूहळू वेगळ्या होत गेल्या, आणि माझ्या युक्तिवादाचा मुख्य पुरावा या फारकतीतच आहे.

२००३ मध्ये व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी इंटरनेटवरून छोट्या देणग्या गोळा करण्याची नवी वाट पाडली. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत त्यांच्याकडे सुमारे १ कोटी ४८ लाख डॉलर जमले, तेव्हाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारासाठी हा विक्रमच होता. देणाऱ्यांत मोठा वाटा सामान्य माणसांचा होता. जानेवारी २००४ मध्ये त्यांचे सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक देशभरातून आयोवात दाखल झाले, डोक्यावर नारिंगी लोकरी टोप्या घालून. ते प्रामाणिक होते, उत्साही होते, थंडीत राबत होते. १९ जानेवारीच्या रात्री डीन १८ टक्क्यांवर तिसरे आले. जॉन केरी यांना ३८ आणि जॉन एडवर्ड्स यांना ३२ टक्के मिळाले. २००७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या रॉन पॉल यांच्या समर्थकांनी हेच आणखी पुढे नेले. ५ नोव्हेंबरला एका दिवसात ४० लाखांहून अधिक डॉलर, आणि बोस्टनच्या चहा-बंडाच्या स्मृतिदिनी, १६ डिसेंबरला, एका दिवसात सुमारे ६० लाख. अडीच आठवड्यांनी आयोवात ते सुमारे दहा टक्क्यांवर पाचवे आले. तिथे पहिले आले ते माइक हकबी, बाप्टिस्ट पाळक राहिलेले अर्कान्सासचे माजी गव्हर्नर. प्रतिस्पर्धी मिट रॉमनी यांच्या तुलनेत त्यांच्याकडे पैसा अगदीच कमी होता, पण आयोवातल्या इव्हँजेलिकल मंडळ्या आणि मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांची जाळी त्यांच्यामागे उभी होती.

या आकड्यांवरून 'पैसा हरतो, माणुसकी जिंकते' असा गोड निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हकबी जिंकले त्याच रात्री डेमोक्रॅटिक पक्षात जिंकलेल्या बराक ओबामांकडे पैसाही भरपूर होता, आणि त्यांतला बराचसा मोठ्या देणगीदारांचा होता. तेव्हा निकालाने नैतिक प्रश्न सुटत नाही. निकालाने एवढेच कळते की समोरासमोर बसून निर्णय घेणाऱ्या शेजाऱ्यांना दुरून आलेला उत्साह पुरेसा वाटत नाही. या माणसाची हमी कोण घेतो, हे त्यांना पाहायचे असते. डीन यांच्या स्वयंसेवकांकडे श्रद्धा होती, पण त्या गावात त्यांचे उद्या काहीच राहणार नव्हते. त्यांचा उमेदवार वाईट निघाला, तर किराणा दुकानात त्यांना कुणी जाब विचारणार नव्हते. कार्टर यांचे लोकही बाहेरचेच होते, हे खरे. पण ते उमेदवाराच्या गावाकडून आले होते. त्यांची साक्ष स्वतः पाहिलेल्या माणसाबद्दल होती, आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतो.

ओबामांच्या आयोवातल्या संघटनेने हा फरक ओळखला होता. तिथल्या कार्यकर्त्यांना शिकवलेली तीन सूत्रे म्हणजे आदर करा, बळ द्या, सामील करून घ्या. २००७ मध्ये त्यांच्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण ज्या विचारांवर झाले, त्यांचे एक शिल्पकार मार्शल गांझ. हे एका रब्बीचे चिरंजीव. हार्वर्ड सोडून नागरी हक्कांच्या चळवळीत मिसिसिपीला गेले आणि मग सोळा वर्षे सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत राहिले. गांझ यांच्या शिकवणीचा पाया म्हणजे ज्यू ऋषी हिल्लेल यांच्या नावावर असलेले तीन प्रश्न: मी स्वतःसाठी उभा राहतो का, मी केवळ स्वतःसाठीच उभा आहे का, आणि उभे राहायचे तर आत्ताच का नाही. स्वयंसेवकाने दारात गेल्यावर धोरणांची यादी वाचू नये. आपण का आलो ते सांगावे, मग समोरच्याचे ऐकावे. चावेझ यांनी गांधींचे ऋण उघडपणे मानले होते. आणि गांधींचा या बाबतीतला सर्वांत लखलखीत धडा १९२१ सालचा आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे, असे त्या वर्षी काँग्रेसने बेजवाड्याला ठरवले, तेव्हा त्याच ठरावात आणखी दोन आकडे होते: एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. पैसा एकटा मागितलाच नव्हता. ज्याच्याकडून रुपया घ्यायचा त्याला सभासद करायचे आणि त्याच्या घरात हातांनी करण्याचे काम पोचवायचे, हा त्यामागचा विचार. लोकमान्यांच्या नावाने उभा राहिलेला निधी आयोवातल्या प्रचाराला इतक्या वळणांनी जोडलेला आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

आता गीतेच्या कसोटीकडे येऊ, कारण तो आक्षेप सर्वांत मूलभूत आहे. फळाची इच्छा धरून दिलेले दान राजस, आणि राजकीय देणगी फळाच्या इच्छेशिवाय असूच शकत नाही. मग ती कायमची खालच्या पायरीवरच राहणार का? मला वाटते इथे दोन वेगळ्या इच्छा एकाच नावाखाली मोडल्या जातात. एक इच्छा परतफेडीची: मी दिले, म्हणून मला मिळावे. दुसरी इच्छा कार्यसिद्धीची: मी ज्यासाठी दिले ते घडावे. विहीर खोदायला पैसे देणारा पाणी लागावे असे म्हणणारच. पाणी लागले काय, न लागले काय, मला सारखेच, असे जो म्हणेल त्याचे दान निष्काम नसून बेफिकीर आहे. सात्त्विक दानाच्या व्याख्येतही योग्य स्थळ, योग्य वेळ आणि योग्य पात्र यांचा विचार सांगितलेला आहेच, आणि हा विचार परिणामांकडे पाहिल्याशिवाय करता येत नाही. निषेध आहे तो देण्याचे रूपांतर सौद्यात करण्याचा. म्हणून शेतीवरच्या अनुदानासाठी आयोवातला शेतकरी उमेदवाराला शंभर डॉलर देतो तेव्हा त्याचे दान किती शुद्ध, हे बाहेरून सांगता येत नाही. पण एक खूण सांगता येते: आपण का दिले, हे तो शेजाऱ्याला तोंडावर सांगू शकतो का? जे कारण फक्त उमेदवाराच्या कानात सांगण्याजोगे आहे, ते बहुधा सौद्याचे असते. ज्याला शेजाऱ्यासमोर लाज वाटत नाही, ते कारण स्वार्थी असले तरी वाटाघाटीला, प्रतिवादाला, सुधारणेला मोकळे राहते.

गुप्त दानाचा आक्षेपही इथेच सुटतो, निदान मला तसे वाटते. येशूचा निषेध दाखवून मिरवण्याविरुद्ध होता. गरिबाला दिलेले गुप्त राहावे, कारण उघड झाल्याने घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याची ताठ होते. उमेदवाराला दिलेल्या पैशात घेणारा दुबळा नसतो. तो उद्या सगळ्यांवर सत्ता चालवणार असतो. त्याला गुपचूप दिलेले हे दान राहत नाही, वशिला होतो. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलिओ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रचारावरचा खर्च हा अभिव्यक्तीचा भाग मानून त्याच्यावरच्या मर्यादा उठवल्या, पण देणगीवरच्या मर्यादा आणि जाहीर करण्याचे बंधन कायम ठेवले. पैसा म्हणजे बोलणे, हे त्या निकालातले समीकरण मला पटत नाही. बोलणाऱ्याला समोरचा थांबवू शकतो, खोडू शकतो, प्रश्न विचारू शकतो. पैशाला असे काही विचारता येत नाही. पण ज्याने बोलायचे त्याने तोंड दाखवून बोलावे, हा त्या निकालातला दुसरा भाग धर्माच्याही बाजूने योग्य आहे.

याच दृष्टीने पाहिले तर अलीकडच्या काळातली एक गोष्ट फार खटकते. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या वादसभांच्या व्यासपीठावर जाण्याच्या वाटांपैकी एक अशी ठेवली की ६५,००० वेगवेगळ्या देणगीदारांनी उमेदवाराला काहीतरी दिलेले असावे, आणि २० राज्यांत प्रत्येकी किमान २०० देणगीदार असावेत. नंतर हा आकडा १,३०,००० वर गेला. २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पहिल्या वादसभेसाठी ४०,००० देणगीदारांची अट घातली. हेतू चांगला होता. धनाढ्यांच्या चेकऐवजी सामान्यांच्या डॉलरला महत्त्व यावे. प्रत्यक्षात काय झाले? एक डॉलर मिळवण्यासाठी जाहिरातींवर त्याच्या कितीतरी पट खर्च होऊ लागला. २०२३ मध्ये नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचे भेटकार्ड देऊ केले, आणि ते त्या व्यासपीठावर पोचलेही. त्यांनी नियम पाळला; दोष नियमात आहे. ज्या डॉलरच्या बदल्यात वीस डॉलर परत येतात त्याला दान म्हणता येत नाही, आणि पाठिंबाही म्हणता येत नाही. विधवेच्या दोन नाण्यांची किंमत होती, कारण तिच्या सगळ्या जगण्यातून ती निघाली होती. ती नाणी नुसती मोजायला लागलो की दानाचा आकार उरतो आणि प्राण जातो.

त्याहून वाईट आहे ती देणग्या मागण्याची रोजची भाषा. दोन्ही पक्षांचे संदेश मध्यरात्रीच्या मुदती घालतात, लोकशाही आज बुडते आहे असे सांगतात, तुमच्या डॉलरमागे पाचपट रक्कम आणखी कुणीतरी घालणार आहे असा दावा करतात, ज्याला अनेकदा काहीच आधार नसतो. २०२० मध्ये दर आठवड्याला देणगी कापून घेण्याची खूण फॉर्मवर आधीच करून ठेवल्याने कित्येक वृद्धांच्या खात्यांतून त्यांच्या नकळत पैसे गेले आणि मोठ्या रकमा परत कराव्या लागल्या. इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये मांडलेले तत्त्व इथे नेमके लागू पडते: माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये. भीती दाखवून पैसे काढणारा संदेश समोरच्याच्या विचारशक्तीला बगल देतो. दारात उभा असलेला माणूस असे करू शकत नाही असे नाही, पण त्याला ते अवघड जाते. समोर चेहरा असतो, चेहऱ्यावर शंका उमटते, आणि खोटे बोलल्यास उद्या परत त्याच गल्लीतून जायचे असते.

यावर एक सबळ उत्तर येते. इंटरनेटवरच्या छोट्या देणग्यांनीच तर गरिबाला पहिल्यांदा दार उघडले. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर आयोवात हिलरी क्लिंटन यांच्या अवघ्या पाव टक्क्याने मागे राहिले. श्रीमंतांच्या मेजवान्यांना जावे लागले असते तर ते उभेच राहिले नसते. हे मी पूर्णपणे मान्य करतो, आणि ही मोठी गोष्ट आहे. दुरून आलेल्या पैशाला मी अपवित्र मानत नाही. त्याच्यामागे हिशेब द्यायला कोण जाते, एवढेच मला विचारायचे आहे. याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच पंडिता रमाबाईंचे आहे, आणि तेही अमेरिकेतलेच. १८८६ मध्ये त्या तिथे गेल्या आणि गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली आणि सभासदांनी दहा वर्षे दरसाल थोडी थोडी वर्गणी देण्याचे कबूल केले. त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि केलेल्या कामाची हकीकत त्यांनी स्वतः वर्गणीदारांपुढे मांडली. समुद्रापलीकडच्या डॉलरला त्यांनी माणसाचे तोंड दिले. मात्र याच कथेत इशाराही आहे. १८९३ मध्ये, तोवर पुण्याला हललेल्या सदनातल्या धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. बोस्टनचा विश्वास कायम असताना पुण्याचा विश्वास तुटला. कोण बरोबर होते, हा वाद इथे उगाळण्याची गरज नाही. पैसा देणारे एकीकडे आणि ज्यांच्यामध्ये काम करायचे ते दुसरीकडे असले की मागणाऱ्यावर दोन्हीकडे उत्तर देण्याची जबाबदारी येते, आणि त्यांतली जवळची जबाबदारी अधिक कठीण असते. डीन यांच्या नारिंगी टोप्यांची अडचण याच जातीची होती.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि त्याचे पूर्ण निरसन माझ्याकडे नाही. शेजाऱ्यासमोर उभे राहणे हे सबळांना सोपे असते. रात्रपाळीचा कामगार, तान्ह्या मुलाची आई, चाकाच्या खुर्चीतला म्हातारा, मालकाच्या देखत कोपरा निवडावा लागणारा मजूर, यांना कॉकसने बाहेरच ठेवले. २०२० मध्ये पक्षाने कारखान्यांत, वृद्धाश्रमांत, काही मशिदींतही वेगळी केंद्रे उघडली, पण त्याच वर्षी निकाल कळवण्याचे अ‍ॅप कोलमडले आणि आयोवाचा मान गेला. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने पहिली जागा साउथ कॅरोलायनाला दिली. शिवाय शेजारी म्हणजे नेहमी मायाळूच असतो असेही नाही. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवरचे धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन चर्चमधल्या जाळ्याच्या जोरावर आयोवात २५ टक्के मिळवून दुसरे आले, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्याही पुढे. ज्या मंडळीत आपण प्रार्थना करतो त्याच मंडळीने कोपरा ठरवला, तर नाही म्हणायला फार मोठे धैर्य लागते. करसवलत घेणाऱ्या चर्चने उमेदवाराचा प्रचार करू नये हे १९५४ चे बंधन या भीतीवरचाच उपाय म्हणून मी महत्त्वाचे मानतो, त्याच्या अंमलबजावणीबद्दल कितीही वाद असोत. म्हणून माझे म्हणणे मी एका बाजूने आवळून घेतो. उघडपणाचे ओझे मागणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर असावे. मत देणाऱ्यावर ते कधीही नसावे. मत गुप्तच हवे. दार ठोठावणाऱ्याने नाव सांगावे, दार उघडणाऱ्यावर काहीही सांगण्याची सक्ती नसावी. आयोवातले रिपब्लिकन कॉकस याच्या जवळ जाते: तिथे भाषणे उघड होतात आणि मत चिठ्ठीवर.

मग कुणी म्हणेल, हे सारे तंत्र आहे आणि तंत्राला धर्म नसतो. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या संघटनेनेही केंद्रप्रमुखांना प्रत्येकी दहा शेजारी घेऊन यायला सांगितले, आणि ते आयोवात ५१ टक्के मते मिळवून जिंकले. त्यांचे प्रतिस्पर्धी रॉन डीसँटिस यांनी सगळ्या ९९ काउंट्या पालथ्या घातल्या, त्यांच्या बाजूच्या स्वतंत्र निधीने दारोदार फिरायला पगारी माणसे नेमली, आणि ते २१ टक्क्यांवर राहिले. शेजारधर्म ज्याला तुम्ही पवित्र म्हणता तो कुठल्याही उमेदवाराच्या कामी येतो. होय, येतो. साधन शुद्ध असले म्हणून साध्य शुद्ध ठरत नाही, हे कुणीही नाकारू नये. माझा दावा त्याहून लहान आहे. चुकीच्या उमेदवारासाठी आलेला शेजारी आपल्याला एक संधी देतो: त्याला उंबऱ्यावर थांबवून आपण वाद घालू शकतो, कदाचित त्याला बदलू शकतो, कदाचित आपणच बदलतो. चुकीच्या उमेदवारासाठी आलेला मोबाइलवरचा संदेश अशी कुठलीच संधी देत नाही.

पैसा आणि माणूस यांतला हा भेद अमेरिकन कायद्याने स्वतःही नकळत मान्य केला आहे. २०२४ च्या निवडणुकीत एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीच्या फेरीसाठी, ३,३०० डॉलरपर्यंतच देता येत होते; पण विनामोबदला दिलेला वेळ देणगी म्हणून मोजलाच जात नाही, त्याला मर्यादा नाही. यातून एक प्रसंग उभा राहतो, जो अमेरिकेतल्या हजारो मराठी घरांना थेट लागू आहे. एच-वन-बी व्हिसावर असलेला, ग्रीन कार्ड न मिळालेला मराठी अभियंता कुठल्याही उमेदवाराला एक डॉलरही देऊ शकत नाही. ते बेकायदेशीर ठरते. त्याला मतही नाही. पण वेतन न घेता तो प्रचारात राबू शकतो, फोन करू शकतो, दारे ठोठावू शकतो. वरवर पाहता हे सर्वांत निष्काम दान वाटते, कारण त्याला ना मत, ना पावती. प्रत्यक्षात त्याला फळाची इच्छा इतरांपेक्षा जास्त असू शकते: ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याची वर्षे चालली आहेत आणि उमेदवाराच्या धोरणावर त्याच्या मुलांचे भवितव्य टांगलेले आहे. म्हणून त्याचे काम मलिन होते का? माझ्या मते नाही, जोपर्यंत तो दारात ते सांगतो. मी नागरिक नाही, मला मत नाही, माझा यात असा असा स्वार्थ आहे, आणि तरीही हा उमेदवार तुमच्याही भल्याचा आहे असे मला या कारणांसाठी वाटते. एवढे तो बोलला की निर्णय घरातल्या माणसाच्या हाती जातो. तो माणूस कदाचित म्हणेल की तुला इथे बोलण्याचा हक्कच काय. तो प्रश्न ऐकून घेऊन त्याला उत्तर देणे, हेही त्या स्वयंसेवकाचे कामच आहे.